खरेदीची अट नाही

हळदीच्या दुकानात विजेवर चालणारी एक स्कूटर उभी आहे. हँडलला झेंडूचा हार आहे. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

आवक क्रमांक ११४७.

शाळू ज्वारीचं एक पोतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. त्याला कुणीही हात लावायचा नाही असं वकिलांनी सांगितलं आहे.

वकिलीच्या परीक्षेत वीस मार्कांच्या प्रश्नातसुद्धा कधी आली नव्हती अशी शंका: दूरच्या चुलत मेहुणीला नातेवाईक म्हणावं का?

ऐन संक्रांतीत हळदी-कुंकवासाठी हळद घ्यायला आलेल्या बाईला एक हळदवाला हात जोडून सांगतो, "वहिनी, हळद सोडून काय बी मागा."

एकतीस वर्षं.

*

यातलं शेवटचं आधी सांगायला हवं, कारण बाकी सगळं त्याच्यापायी घडलं.

सांगलीत दर वर्षी नव्या हळदीचा पहिला सौदा निघतो, तेव्हा पहिल्या ढिगावर पहिला भाव बोलायचा मान एका व्यापाऱ्याला मिळतो. नारळ फुटतो, फेटा बांधतात, फोटो निघतो. व्यापारी मंडळ हा मान दुकानाच्या वयाप्रमाणं देतं आणि त्याच्या अटी दोनच: दुकान चालू पाहिजे आणि नावाला बट्टा नको. गणपती पेठेतले जिनदत्त मगदूम एकतीस वर्षं या समारंभाला तिसऱ्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत आले होते. यंदा मंडळाचं पत्र त्यांच्या नावानं आलं. तारीख दहा फेब्रुवारी. पत्र त्यांनी लॅमिनेशन करून घेतलं. लॅमिनेशनवाल्यानं एका बाजूला बुडबुडा ठेवला, तेव्हा त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं. पत्र एकच होतं, त्यामुळं पुन्हा म्हणजे बुडबुड्यावरूनच.

आता असा मान मिळणाऱ्या माणसानं महिनाभर गप्प बसावं. पण सून श्रद्धानं दुकानाची वेबसाईट काढली होती आणि वेबसाईटला गिऱ्हाईक नव्हतं.

"मामा, एक स्पर्धा ठेवू या," श्रद्धा म्हणाली. "अर्धा किलो हळद घ्या आणि सोडतीत स्कूटर जिंका. ऑनलाइन. बघा कशी गर्दी होते."

जिनदत्तांना पटलं. फेटा बांधला जाईल तेव्हा नाव चार गावांत गेलेलं असावं, एवढाच हिशेब. पाच जानेवारीला स्कूटर आली. त्याच संध्याकाळी जाहिरात मोबाईलवर फिरली. सहा तारखेला सकाळी वकील भरतेश उपाध्ये पायऱ्या चढून आले. चपलासुद्धा त्यांनी काढल्या नाहीत. यावरून प्रकरण गंभीर आहे हे जिनदत्तांनी ओळखलं.

"काका, जाहिरात काढा. आत्ता."

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"हा गुन्हा आहे."

भरतेशनी समजावून सांगितलं. पैसे द्यायचे, नशिबावर सोडायचं आणि बक्षीस द्यायचं, या तीन गोष्टी एका ठिकाणी आल्या की ती लॉटरी. लॉटरी सरकार काढतं. खाजगी माणसानं काढली तर त्याला फौजदारी कलम आहे. जुन्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे, फक्त नंबर बदलला.

"तिन्हीतली एक गोष्ट काढली की सुटलात," भरतेश म्हणाले. "बोला, काय काढू?"

बक्षीस काढता येत नव्हतं. ते हार घालून दारात उभं होतं.

शेजारच्या गूळवाल्या पीरमहंमद मुल्लांनी दुकानात बसल्या बसल्या हे ऐकलं होतं. दोन्ही दुकानांच्या मधली भिंत विटांची असली तरी वरची हातभर जागा मोकळी आहे आणि त्या जागेतून चाळीस वर्षं चहा, सुट्टे पैसे आणि सल्ले ये-जा करतात.

"गड्या, नशीब काढ," वरून आवाज आला. "नशिबावर हिथं कोण मोठा झालाय? अकलेची परीक्षा घे."

भरतेशनी मान डोलावली. कौशल्याची स्पर्धा असेल तर चालतं. तेव्हा प्रश्न काढायचं ठरलं. प्रश्न जिनदत्तांनीच काढायचे, कारण हळदीतलं त्यांना कळतं. रात्रीचं जेवण लवकर आटपून त्यांनी प्रश्न काढला: 'नुसत्या वासावरून सेलम हळद आणि राजापुरी हळद वेगळी कशी ओळखाल? सविस्तर लिहा.'

दोन दिवसांत सात उत्तरं आली. सातही मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्यांची. त्यांतलं सर्वांत चांगलं उत्तर पृथ्वीराज आवटींचं होतं. मानाच्या यादीत जिनदत्तांच्या पाठोपाठ ज्यांचा नंबर होता, ते हे. आपल्या दुकानाची स्कूटर पृथ्वीराज आवटी चालवताहेत हे दृश्य जिनदत्तांना डोळ्यांसमोर आणवेना. त्यांनी प्रश्न सोपा केला: 'हळदीचा रंग कोणता?'

"याला कौशल्य म्हणणारा न्यायाधीश अजून जन्माला यायचाय," भरतेश म्हणाले. "आणि दोन हजार जणांनी 'पिवळा' लिहिलं तर त्यांतून एक कसा निवडणार? चिठ्ठी टाकूनच ना? म्हणजे नशीब परत आलं."

*

इथं कथेतली मुख्य चूक येते. ती जिनदत्तांनी कुणालाही न विचारता केली. किंबहुना विचारायला जाणं हीच ती चूक.

भरतेशच्या बोलण्यात एकदा आलं होतं की बक्षीस-स्पर्धांचा १९५५ चा एक जुना कायदा आहे आणि त्यात परवाना मिळतो, पण महिन्याला हजार रुपयांच्या आतल्या बक्षिसाला. हजारात स्कूटरचा आरसा येतो. तोही डावीकडचा. भरतेशनी हे गंमत म्हणून सांगितलं होतं. जिनदत्तांच्या कानात त्यातला 'परवाना' हा शब्द तेवढा राहिला. मगदुमांच्या तीन पिढ्यांनी परवान्याशिवाय तराजूसुद्धा लावला नव्हता. नऊ तारखेला धुतलेला शर्ट घालून, अर्ज दोन प्रतींत घेऊन ते सरकारी कचेरीत गेले.

पहिल्या टेबलानं करमणुकीच्या शाखेकडं पाठवलं. ती शाखा तिथं नव्हती, नुसती पाटी होती. तिसऱ्या टेबलानं जेवण होऊ द्या म्हटलं. जेवणानंतर तिसरं टेबल रजेवर गेलं. शेवटी आवक-जावकच्या खिडकीत राजनंदिनी नावाच्या कारकून बाई भेटल्या. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा वर करून जिनदत्तांकडं बघितलं.

"काका, हे तुमी इचारलंच कशाला?"

"म्हंजे?"

"सगळे करत्यात की. चपलांच्या दुकानात हाय, भांड्यांच्या दुकानात हाय. कोण इचारत न्हाई. घेऊन जावा घरी अर्ज. मी काय बघितलं न्हाई."

माणूस जन्मात एखाद-दुसऱ्या वेळी असा वाचू शकतो. पण जिनदत्त ताठ उभे राहिले.

"बाई, आमी लपून काय करत न्हाई. पोच द्या."

राजनंदिनीबाईंनी सुस्कारा सोडला आणि शिक्का मारला. आवक क्रमांक ११४७. एकदा क्रमांक पडला की कागदाला पाय फुटतात. हा कागद 'लॉटरी चालविणेबाबत' असं शीर्षक लावून पुढं गेला आणि चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यात पोचला. शेरा होता: 'समक्ष पाहणी करून अहवाल सादर करावा.'

त्या वेळी गावात वीस-पंचवीस दुकानांत सोडती चालू असाव्यात. पोलिसांना लेखी कळवलेली एकच होती.

"अर्ज केलात?" नऊ तारखेलाच संध्याकाळी पोच बघून भरतेश खाली बसले. "लेखी? सहीनिशी?"

"दोन प्रतींत," जिनदत्त म्हणाले.

आता एकच वाट उरली होती. पैसे काढायचे. स्पर्धा सगळ्यांना फुकट, कुणीही चिठ्ठी भरावी, हळद घ्या नाहीतर घेऊ नका. तसं केलं तर लॉटरी होत नाही आणि पोलीस आले तरी त्यांना चहाशिवाय काही द्यावं लागत नाही. भरतेशनी चौदा नियम लिहून दिले. पहिला मोठ्या अक्षरात: खरेदीची अट नाही.

*

नियम क्रमांक नऊ: 'मगदूम कुटुंबातील व्यक्ती व त्यांचे नातेवाईक यांना भाग घेता येणार नाही.'

भरतेश स्वतः मगदुमांसारखेच सांगलीतल्या जैन समाजातले. त्यांना हे सुचायला हवं होतं. इथल्या कुठल्याही दोन जैन माणसांना समोरासमोर बसवून चहा दिला, तर कप खाली ठेवायच्या आत त्यांचं नातं निघतं. श्रद्धानं यादी करायला घेतली. प्रभावतीबाई, म्हणजे जिनदत्तांची पत्नी, पोळ्या लाटता लाटता नावं सांगत गेल्या. एकशे ऐंशीवर श्रद्धाचं पेन थांबलं. बाकीच्यांना तिनं आपल्या मनानं 'नातेवाईक नाहीत' धरलं.

बाद झालेल्या एकशे ऐंशींतल्या एकानंही तक्रार केली नाही. उलट त्यांना बरं वाटलं. फोन आला तो जयसिंगपूरच्या चंदनाबाईंचा, प्रभावतीबाईंच्या दूरच्या चुलत बहिणीचा. त्यांची चिठ्ठी स्वीकारली गेली होती.

"दाजी, माझी चिठ्ठी घेतलीसा म्हनं?"

"व्हय, घेतली की. शुभेच्छा."

"म्हंजे आमी तुमचे कोन न्हाई?"

"तसं न्हवं हो..."

"तुमच्या धवलच्या आणि श्रद्धाच्या लग्नात मी चार दिस राबलो. आणि आमाला परक्यात घातलं! ती राजमतीआक्काची सून बाद झाली, आणि मी न्हाई? तुमची स्कूटर तुमालाच लखलाभ."

प्रभावतीबाईंना मिठाई घेऊन जयसिंगपूरला जावं लागलं. चंदनाबाईंना सन्मानानं बाद करण्यात आलं. ही बातमी पसरली आणि पुढचे चार दिवस माणसं दुकानात येऊन आपल्याला बाद करावं म्हणून वंशावळ सांगत बसली.

*

पण खरा घोटाळा दुसराच झाला. तो कायदा लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं, कारण ते गणपती पेठेत राहत नव्हते.

फुकट चिठ्ठी भरायला माणसं मोबाईल सोडून दुकानातच येऊ लागली. आली की जिनदत्त गादीवरून 'या, बसा' म्हणत. पाणी येई. चहा येई. माणूस चिठ्ठी भरी, डब्यात टाकी आणि मग त्याला उठवेना. चहा प्यालेला, स्कूटरवर डोळा ठेवलेला, आणि रिकाम्या हातानं उतरायचं? तोंड दाखवायचं कसं? तो घसा खाकरून म्हणे, "एक पाव किलो हळद बी बांधा की."

तीन दिवसांत चारशे चिठ्ठ्या झाल्या आणि पावत्याही जवळजवळ चारशेच. भरतेशनी पावतीपुस्तक चाळलं आणि टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"काका, उद्या हवालदार आले आणि म्हणाले, 'चिठ्ठी तेवढ्या पावत्या, मग फुकट कशी?' तर मी काय सांगू?"

"आमी अट घातली न्हाई. लोकच घेत्यात."

"कोर्टाला लाज हा पुरावा चालत नाही. त्यांना विकू नका."

"कुणाला?"

"चिठ्ठी भरणाऱ्यांना."

"समदेच भरत्यात."

भरतेशनी पावतीपुस्तक मिटलं. दोघांनीही स्कूटरकडं बघितलं.

तेरा जानेवारीला, भोगीच्या दिवशी, मगदुमांच्या दुकानावर पाटी लागली:

*स्पर्धा संपेपर्यंत या दुकानात हळद मिळणार नाही. चिठ्ठी मोफत. — आपला, जि. आ. मगदूम, हळदीचे व्यापारी.*

दुसऱ्या दिवसापासून हळदी-कुंकवं. वर्षातला हा एकच काळ असा, की अर्ध्या सांगलीतल्या बायका हळद घ्यायला बाहेर पडतात. त्या येत होत्या आणि जिनदत्त हात जोडत होते. वेबसाईटवरही श्रद्धानं विक्री बंद केली. तिच्या जाहिरातीमुळं वेबसाईटवर आता रोज हजार माणसं येत होती आणि त्यांना घेण्यासारखं तिथं फक्त नियम होते.

माणसांची अडचण मात्र तशीच राहिली. चहा पिऊन रिकाम्या हातानं उतरायचं कसं? ती दोन पायऱ्या उतरत आणि शेजारच्या तीन पायऱ्या चढत. पीरमहंमदांच्या दुकानात त्या महिन्यात गुळाच्या ढेपा पुरेनात. त्यांच्या पत्नी रहिमतबी, ज्या कधी दुकानात बसत नसत, त्या वजन करायला आल्या.

"गड्या," भिंतीवरच्या फटीतून पीरमहंमद म्हणाले, "ही तुजी स्पर्धा मार्चपतूर चालव की."

जिनदत्तांनी फटीत चहाचा कप न ठेवता तो तिथं आदळला.

*

एकतीस जानेवारीला सोडत झाली. हवालदार गुंडा पाटोळे पाहणीला हजर होते. या भागात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्याला पोलीस खात्याचा इलाज नाही. माणूस सौम्य होता. त्यांनी वही उघडली.

"नशीब कुठाय? दाखवा."

श्रद्धानं लॅपटॉप दाखवला. तीन हजार आठशे नावं आत आहेत, बटण दाबलं की एक बाहेर येतं. मोबाईलवर दोनशे माणसं हे थेट बघत होती. तिनं बटण दाबलं. नाव आलं: अर्जुना शिंगाडे, वडूज.

"माजं लक्ष नव्हतं," हवालदार म्हणाले. "परत दाबा."

"नाही!" भरतेश ओरडले. दोनशे जणांनी ते ऐकलं. त्यांतल्या काहींना अजूनही वाटतं की त्या दिवशी काहीतरी दडपलं गेलं.

अर्जुना शिंगाडे दोन फेब्रुवारीला आले. वय पासष्टच्या पुढं, फौजेतनं निवृत्त, मिशा पांढऱ्या आणि पाठ सरळ. पण ते एकटे आले नव्हते. एस.टी.च्या टपावरून त्यांनी शाळूचं एक पोतं आणलं होतं. ते त्यांनी जिनदत्तांच्या गादीपुढं उभं केलं.

"आवं शेट, गाडी चांगली हाय. ह्ये घ्या."

"हे काय?"

"ज्वारी. घरची हाय. फुकटात गाडी घेऊन गेलो तर वडजात लोक काय म्हनतील?"

अहवाल पुरा करायला आलेल्या हवालदार पाटोळ्यांनी वही उघडली. भरतेश झेपावले.

"काका, हात लावू नका! मोबदला होतो!"

जिनदत्तांनी हात मागं बांधले. अर्जुनांनी पोतं पुढं सारलं. जिनदत्त गादीवर मागं सरकले.

"घ्या की वो!"

"घेता येत न्हाई."

"मग मी गाडी बी न्हेत न्हाई. तीस वर्सं नोकरी केली, कुनाचं फुकट खाल्लं न्हाई."

कायदा म्हणत होता काही घेऊ नका, आणि विजेता म्हणत होता काहीतरी घ्या. या दोघांमध्ये स्कूटर उभी होती. तेव्हा भरतेशना आठवलं की दहा हजारांवरच्या बक्षिसावर तीस टक्के कर असतो आणि तो सरकारजमा झाल्याशिवाय बक्षीस हातात देता येत नाही. नव्वद हजारांच्या गाडीचे सत्तावीस हजार. ही गोष्ट त्यांनी चाचरत सांगितली. विजेता आता गाडीसकट अंगावर येईल असंच सगळ्यांना वाटलं.

अर्जुनांचा चेहरा उजळला.

"म्हंजे पैशे भरायचे हाईत? मग आदी सांगायचं न्हाई व्हय! भरतो की. फुकट मिळाली असं कोन म्हनंल मग?"

कर भरला गेला. गाडी टेम्पोत चढली. जाताना अर्जुनांनी अर्धा किलो हळद मागितली. हवालदार अजून तिथंच होते. जिनदत्तांनी हात जोडले.

पोतं राहिलं. परत न्यायला अर्जुना तयार नव्हते आणि ठेवून घ्यायला भरतेश. शेवटी ते पीरमहंमदांच्या दुकानात, तटस्थ जागी, ठेवण्यात आलं.

*

*अहवाल. सदर इसमाचे दुकानी समक्ष पाहणी केली असता सोडत विनामूल्य असल्याचे दिसून आले. विजेत्याने देऊ केलेले एक पोते धान्य सदर इसमाने स्वीकारले नाही. सदर दुकानी हळदीची कोणत्याही प्रकारे विक्री होत नसल्याची खात्री केली. तरी लॉटरीचा गुन्हा घडलेला नाही.*

इतका स्वच्छ अहवाल भरतेशनी पूर्वी पाहिला नव्हता. जिनदत्तांनी त्याची प्रत काढली आणि सहा तारखेला व्यापारी मंडळाच्या बैठकीत स्वतः नेऊन दिली. गावात काहीबाही बोललं जात होतं. नावाला बट्टा लागलेला नाही हे कागदावर दाखवावं म्हणून.

अध्यक्षांनी अहवाल मोठ्यानं वाचला. तिसऱ्या वाक्यावर ते थांबले आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं.

"जिनदत्तशेट, नावाचा प्रश्न मिटला," ते हळू आवाजात म्हणाले. "पर पहिली अट, दुकान चालू पाहिजे. आणि हे तर सरकारी लिहून आलंय, हळद विकत नाहीत म्हणून."

"कायद्यासाठी बंद ठेवली!" जिनदत्त उभे राहिले. त्यांनी तिन्ही गोष्टी सांगितल्या: पैसे, नशीब, बक्षीस. एकत्र आल्या की गुन्हा. वस्तू विकत घ्यायला लावून सोडत काढली की गुन्हा.

"विकत घ्यायला लावून म्हंजे... गुन्हा?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

 बरेच जण आपापल्या कपात बघू लागले. पृथ्वीराज आवटी पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

मान एका वर्षानं पुढं ढकलला. यंदाचा पृथ्वीराज आवटींना.

दहा फेब्रुवारीला जिनदत्त यार्डात गेले नाहीत. सकाळी त्यांनी दुकानावरची पाटी काढली; अहवाल वर मंजूर होईपर्यंत ती काढू नका असं भरतेशनी सांगितलं होतं. तिच्यामागची भिंत जास्त पिवळी होती. मग गादीवर बसून राहिले. महिन्याभरात गिऱ्हाइकं दुसरीकडं जायला शिकली होती. अकराच्या सुमारास यार्डाच्या बाजूनं फटाके वाजले. पहिला भाव बोलला गेला असणार. भिंतीवरच्या फटीतून एक कप चहा पुढं आला आणि हात मागं गेला. आज सल्ला आला नाही.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. वडूजहून निघालेली, विट्यात एका टपरीवर दोन तास विजेला लावून आणलेली. अर्जुना शिंगाडे खाली उतरले.

"आवं शेट, त्या दिशी हळद दिली न्हाईसा तुमी. घरात रोज ऐकतोय. हळदवाल्याकडं जाऊन हळद न आनता आलाय म्हनत्यात. आज तरी हाय का न्हाई?"

जिनदत्तांनी तराजू पुसला. अर्धा किलोचं वजन ठेवलं. हळद घातली, पारडं समेवर आल्यावर आणखी चिमूट घातली. पुडी बांधली. अर्जुनांनी पैसे पुढं केले आणि हात मागं घेतला.

"घ्यायला चालतंय न्हवं?"

"चालतंय," जिनदत्त म्हणाले. त्यांनी नोट घेतली, कपाळाला लावली आणि गल्ल्यात टाकली. त्यांना घाई नव्हती.

पृथ्वीराज आवटींच्या दुकानात दर दिवाळीला एक किलो हळदीवर चांदीच्या नाण्याची सोडत असते. गेली अकरा वर्षं.